देवाच्या कामाला 'नाही' कसं म्हणायचं?

"मॅडम, देवाच्या कामाला नको म्हणायचं तरी कसं? पण पोराचे दोन विषय गेलेत बघा."

खानापूर तालुक्यातल्या एका गावाहून पहिली बस धरून वडील बेळगावच्या टिळकवाडीत माझ्याकडे समुपदेशनासाठी आले होते. मुलगा बेळगावात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. दुसऱ्या सेमिस्टरचा निकाल लागला आणि गणित आणि बेसिक इलेक्ट्रॉनिक्स राहिलं. कॉलेजातल्या ख्रिस्ती विद्यार्थ्यांची एक फेलोशिप, म्हणजे प्रार्थनेला जमणारा गट आहे, तिथे तो पहिल्या वर्षापासून जातो. सुरुवातीला घरच्यांना बरंच वाटलं होतं. पोरगं शहरात एकटं, वाईट संगतीला लागण्यापेक्षा प्रार्थनेला बसतंय, हे काय कमी आहे, असं आई म्हणायची. आता तीच आई रात्री रडते.

"तुम्ही आमच्या मंडळीतल्या नाही, म्हणूनच आलो," वडील म्हणाले. "पाळकसाहेबांच्या कानावर घातलं की रविवारी सगळ्या चर्चला कळतं."

ही काळजी या एकाच घराची नाही, म्हणून ही हकिगत लिहिते आहे. बाप-लेकाने तशी परवानगी दिली आहे; ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. १९९८ साली बेळगावात व्हीटीयू, म्हणजे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ आलं, २०१० साली राणी चन्नम्मा विद्यापीठ झालं. खानापूर, निपाणी, चिकोडी, पलीकडच्या चंदगडातूनही मुलं इथे शिकायला येतात. घर पहिल्यांदाच सुटलेलं असतं. कुणी जिमला चिकटतं, कुणी गणेश मंडळाला, कुणी फेलोशिपला. आईबापांचा प्रश्न सगळीकडे तोच असतो, पण देवाचं नाव मध्ये आलं की तो विचारायलाही भीती वाटते. ती भीती मला त्या सकाळी वडिलांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती.

मुलगा शनिवारी एकटाच आला. उंच, बारीक, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. खुर्चीवर बसताना त्याने फोन टेबलावर पालथा ठेवला. फोन सारखा गुरगुरत होता. प्रत्येक वेळी मुलाचा उजवा खांदा किंचित वर उचलला जायचा आणि बोट फोनकडे जाऊन परत यायचं. पाऊण तासात मी ते अकरा वेळा पाहिलं. त्याच्या लक्षातही येत नव्हतं.

मी त्याच्यापुढे एक कोरा कागद ठेवला आणि आठवड्याचे चौकोन आखायला सांगितले. कुठे किती वेळ जातो ते लिही, चांगलं-वाईट काही ठरवू नकोस, एवढंच म्हटलं. त्याने लिहिलं: रविवारी सकाळी उपासना, त्याआधी गिटारची तयारी. रविवारी दुपारी शहराबाहेरच्या एका वस्तीत मुलांचं संडे स्कूल. मंगळवारी बायबल स्टडी. गुरुवारी सराव. शुक्रवारी संध्याकाळी फेलोशिपची सभा, आधी खुर्च्या लावायच्या, नंतर उचलायच्या. आणि रोज रात्री नव्या फर्स्ट इयरच्या मुलांना फोन, कोण आजारी आहे, कोण घरच्या आठवणीने रडतंय. बेरीज केली तर बावीस तास. गणिताचा चौकोन त्याने काढलाच नव्हता.

खरं सांगते, माझा पहिला अंदाज होता की गट मुलाला पिळून घेतोय. म्हणून मी नेहमीचे प्रश्न विचारले. हे प्रश्न कुठल्याही धर्माच्या, कुठल्याही पक्षाच्या गटाबद्दल मी विचारते आणि पालकांनीही विचारावेत असं मला वाटतं. गटात जे चालतं ते घरी सांगू नकोस असं कुणी म्हणतं का? पैसे मागतात का आणि त्याचा हिशेब सगळ्यांना दिसतो का? एखादा यायचा बंद झाला तर बाकीचे त्याच्याशी बोलतात का? आजारी पडलास, नापास झालास, तर तुझी श्रद्धा कमी पडली असं ऐकवतात का? आणि शेवटचा, माझ्या मते सगळ्यांत मोठा: तिथे 'नाही' म्हणता येतं का?

पहिल्या चारांची उत्तरं त्याने पटापट दिली. लपवाछपवी नाही, पैसे नाहीत, गेल्या वर्षी सोडून गेलेल्या मुलाबरोबर सगळे अजून चहाला जातात. पाचव्या प्रश्नावर तो थांबला.

"माहीत नाही मॅडम. मी कधी म्हणून बघितलं नाही."

त्याच्या संमतीने मी गटाच्या एका थोरल्या कार्यकर्त्याशी बोलले. तो स्वतः याच भागातला, शिकून नोकरीला लागलेला, आता संध्याकाळी मुलांना वेळ देणारा. दोन विषय गेल्याचं ऐकून तो गप्पच झाला. मग म्हणाला, "आम्हाला वाटायचं त्याला वेळ असतो. विचारलं की लगेच हो म्हणतो, म्हणून सगळे त्यालाच विचारतात."

अशा फेलोशिप काल-परवाच्या नाहीत, हे मी वडिलांनाही नंतर सांगितलं. स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंट आपल्या देशात १९१२ पासून आहे. कॅथलिक विद्यार्थ्यांचं ऐकुफ १९२४ पासून, आणि युनियन ऑफ इव्हँजेलिकल स्टुडंट्स ऑफ इंडिया १९५४ पासून, ज्यांच्या कॉलेजातल्या गटांना मुलं ईयू म्हणतात. या गटांत रोजचं काम विद्यार्थीच बघतात, पाठीशी शिकून बाहेर पडलेले थोरले आणि एखादा पूर्णवेळ कार्यकर्ता असतो. विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांसाठी चालवणं ही त्यांची ताकद आहे. पण एकोणीस वर्षांच्या मुलाला दुसऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलाचा थकवा दिसत नाही.

मग हा मुलगा 'हो' का म्हणत सुटला होता? ते कळायला तीन भेटी लागल्या. दहावीपर्यंत त्याचं शिक्षण मराठी माध्यमातून झालं. पीयूसी, म्हणजे अकरावी-बारावी, इंग्रजीतून, कशीबशी. इंजिनिअरिंगला वर्गात इंग्रजी, हॉस्टेलच्या खोलीत कन्नड. शंका विचारायला हात वर केला तर वाक्य कुठल्या भाषेत सुरू करायचं हेच ठरत नसे, मग हात खालीच राहायचा. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा, सरांना त्याचं नावही माहीत नसलेला. आणि शुक्रवारी संध्याकाळी? तिथे त्याच्याशिवाय गाणं सुरू होत नव्हतं. पहिल्याच महिन्यात त्याने गिटारवर ना. वा. टिळकांचं एक भजन वाजवलं होतं. गोकाकची, अथणीची कन्नड मुलं ते शब्द कन्नड लिपीत लिहून घेऊन शिकली. तेव्हापासून दर शुक्रवारी एक गाणं मराठीत होतं. हे सांगताना तो पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघून बोलला.

सीमाभागात वाढलेल्या कुणालाही कळेल ही गोष्ट किती मोठी आहे. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, ते १९१९ साली गेले, आणि आज अथणीचं एक पोरगं त्यांचे शब्द कन्नड अक्षरांत लिहून घेतं, कारण शेजारी बसलेल्या मित्राची ती आईची भाषा आहे. असं घर मिळालेल्या मुलाला "ते बंद कर" असं सांगणं मला पटेना. बंद केल्याने गणित सुटणार नव्हतं. उलट शेवटच्या बाकावरून पळून जायची एकच जागा उरली होती, तीही गेली असती.

वडिलांना मात्र पूर्ण बंदच हवं होतं. ते दुसऱ्यांदा आले तेव्हा आवाज चढला. "तुम्ही पण त्याचीच बाजू घेता काय की!" मी काही बोलले नाही. थोड्या वेळाने ते स्वतःच म्हणाले, "मीपण चर्चच्या तरुण संघाचा सेक्रेटरी होतो. कन्व्हेन्शन आलं की मंडप मी, जेवणं मी, वर्गणी मी. बीए शेवटच्या वर्षाला राहिलं ते राहिलंच." बेळगावात मिशनचं काम १८२० साली सुरू झालेलं, यांच्या घरात चर्चची सेवा तीन पिढ्यांची. मंडप उतरवताना त्यांना कुणी विचारलं नव्हतं की परीक्षा कधी आहे म्हणून. त्यांचा राग पोरावर नव्हताच. त्या दिवशी आम्ही मुलाबद्दल फार थोडं बोललो.

मुलाबरोबर मी एकच काम केलं. 'नाही' म्हणायचा सराव. ऐकायला सोपं वाटतं, पण पहिल्या दिवशी त्याच्या तोंडून शब्द फुटेना. "सॉरी, म्हणजे बघतो, जमलं तर…" इथपर्यंतच गाडी यायची. मी कार्यकर्ता झाले, मी सीनियर ताई झाले, मी लाडीगोडी लावली. निम्मे निरोप कन्नडमधून येतात, म्हणून कन्नडमध्येही म्हणून घेतलं: "ई वार आगंगिल्ल." या आठवड्यात जमणार नाही. कारण सांगायचं नाही, माफी मागायची नाही. चौथ्या वेळी ते नीट आलं. मग तोच म्हणाला, "मॅडम, मत्तयात आहे. तुमचं बोलणं होय तर होय, नाही तर नाही, एवढंच असावं. मी लहान मुलांना हे शिकवलंय." आणि बराच वेळ खिडकीकडे बघत बसला.

त्याने दोन कामं ठेवली: शुक्रवारची गाणी आणि रविवारचं संडे स्कूल. बाकीच्यांना नाही म्हटलं. वस्तीवरच्या मुलांना तो सोडणार नव्हता आणि मीही आग्रह केला नाही. रात्रीचे फोन तिघांनी वाटून घेतले. मेकॅनिकलच्या एका सीनियरने बुधवारी संध्याकाळी गणित शिकवायला सुरुवात केली, मराठी, कन्नड, इंग्रजी जे तोंडात येईल त्यात. पुढे आणखी चौघं येऊन बसायला लागले. एक सीनियर मात्र दोन-तीन आठवडे त्याच्याशी नीट बोलली नाही. ते त्याला लागलं. तेही सोसायचं असतं, एवढंच मी त्याला म्हटलं.

इथे आणखी थोडं व्यवहाराचं सांगते, कारण स्वयंसेवा करणारी मुलं यात हमखास फसतात. व्हीटीयूमध्ये चार वर्षांच्या पदवीसाठी १०० अ‍ॅक्टिव्हिटी पॉइंट मिळवावे लागतात, लॅटरल एंट्रीने, म्हणजे डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांना ७५. गटाच्या प्रत्येक कार्यक्रमाचे गुण मिळतील असं काही मुलं धरून चालतात. तसं धरू नये. स्वच्छता, गावशाळेला मदत अशी समाजोपयोगी कामं त्यात बसू शकतात, पण काम सुरू करायच्या आधी कॉलेजातल्या मेंटॉरला विचारून, लिहून घ्यावं.

आणि गावात, वस्तीत जाताना उघडपणे जावं. डिसेंबर २०२१ मध्ये इथल्याच सुवर्ण विधानसौधात धर्मांतरविरोधी विधेयक कर्नाटक विधानसभेत मंजूर झालं, तेव्हापासून दोन्ही बाजूंच्या घरांत भीती आहे. संविधानाच्या २५व्या कलमाने श्रद्धेचं स्वातंत्र्य प्रत्येकाला दिलंय, ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्याला धरून. पण एकोणीस वर्षांच्या पोराला कलम सांगत भांडायला पाठवू नये. मुलांच्या आईबापांची परवानगी घ्यावी, थोरलं माणूस बरोबर असावं, वह्या-खाऊ दिला तर तो कशाच्या बदल्यात नाही हे सगळ्यांना दिसावं. मैत्रिणीबरोबर फेलोशिपला जाणाऱ्या मुलींचे हिंदू आईबापही माझ्याकडे येतात. त्यांना मी सांगते, दार लावून जाब विचारू नका. एकदा तिच्याबरोबर जा, बसा, बघा, आणि मघाचे पाच प्रश्न विचारा. बरा गट असेल तर तुम्हाला चहा विचारतील.

या मुलाच्या वडिलांनाही मी तेच सुचवलं होतं. सहा महिने त्यांनी ऐकलं नाही. पुढच्या परीक्षेत गणित सुटलं, काठावर. इलेक्ट्रॉनिक्स अजून राहिलंय. एका शुक्रवारी रात्री नऊच्या सुमारास त्यांचा फोन आला. मागे बसस्टँडचा गोंगाट होता.

"मॅडम, आज जाऊन आलो. मागच्या खुर्चीवर बसलो होतो. टिळकांचं भजन म्हटलं त्यांनी, सगळी कन्नड पोरं." मग थोडा वेळ नुसता कंडक्टरचा आवाज. "संपल्यावर एका पोराने याला विचारलं, उद्या येतोस काय रे स्टेज बांधायला. हा म्हणाला, आगंगिल्ल. तो म्हणाला, बरं. आणि गेला की हो तो, नुसता बरं म्हणून."