पोलो जीटीला टायर टाकायचेत: २५ हजार, ३८ हजार की १ लाख ८ हजार?

नमस्कार वाळूजकर,

तुमचा मेसेज दोनदा वाचला, फोटो झूम करून बघितले, मग उत्तर लिहायला बसलो. बाकीच्यांसाठी प्रश्न थोडक्यात सांगतो. वय ३४, वाळूज एमआयडीसीत नोकरी, हातात ७८ हजार येतात. होम लोनचा हप्ता २७ हजार, एसआयपी १२ हजार, लेक पहिलीत. अडीअडचणीसाठी बाजूला ठेवलेले १ लाख ४० हजार आणि दिवाळीचा बोनस ५२ हजार, तो अजून खात्यातच पडून आहे (याबद्दल आधी अभिनंदन, बहुतेकांचा भाऊबीजेपर्यंत संपतो). गाडी २०१८ ची पोलो जीटी टीएसआय, ६३ हजार किलोमीटर झालेली. महिन्या-दीड महिन्यातून एकदा समृद्धीवरून नागपूरला सासुरवाडी, बाकी रोजचं ऑफिस. टायर बदलायचेत आणि समोर तीन पर्याय. एक, साधे देशी टूरिंग टायर, ६,४०० ला एक. दोन, वरच्या ब्रँडचे, ज्याचं ऑगस्टमधलं कोटेशन १०,४०० ला एक असं आहे. तीन, १७ इंची अलॉय आणि त्यावर लो प्रोफाईल (कमी उंचीच्या रबराचे) चिकट टायर, सगळं मिळून १ लाख ८ हजार, नो कॉस्ट ईएमआयवर महिना ९ हजार, आणि त्यासाठी वर्षभर एसआयपी १२ वरून ३ हजारांवर आणायची. वहिनी म्हणतात चारही साधे टाका आणि विषय संपवा. मित्र म्हणतो मागचे चांगले आहेत, पुढचे दोनच बदल.

आधी मित्राचं बघू, कारण त्याचाच सल्ला सगळ्यात स्वस्त वाटतो आणि तोच सगळ्यात धोक्याचा आहे.

मागच्या टायरचा जो फोटो पाठवलात त्यात रिमजवळ डीओटी (DOT) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीत शेवटी एका चौकटीत चार आकडे आहेत, ४८१७. म्हणजे २०१७ सालचा अठ्ठेचाळिसावा आठवडा. तो टायर कारखान्यातून बाहेर पडला तेव्हा तुमची लेक जन्मलीही नव्हती. नक्षी साडेचार मिलिमीटर उरलीय म्हणून मित्राला चांगला वाटतोय, पण ती उरलीय कारण पोलो पुढच्या चाकांवर चालते, इंजिनाचा जोर, स्टिअरिंग आणि ब्रेकचा बहुतेक भार पुढे, मागचे बिचारे नुसते मागून येतात. रबर मात्र चारही चाकांचं सारखंच वाळतं. फोटोत साईडवॉलवर (टायरच्या बाजूच्या भिंतीवर) केसासारख्या बारीक चिरा दिसतायत बघा, अक्षरांच्या कडेने. पुढचे २०२१ चे आहेत, त्यांची नक्षी ३ मिलिमीटरवर आलीय. कायदा १.६ ला थांबवतो, पण पावसात पाणी कापायची ताकद त्याच्या बरीच आधी जाते. म्हणजे पुढचे झिजलेत आणि मागचे म्हातारे झालेत, चारही गेले.

आणि समजा कधी दोनच बदलायची वेळ आली तर नवे मागे टाकायचे, पुढे नाही. ऐकायला उलटं वाटतं पण ओल्या रस्त्यावर पुढचं चाक घसरलं तर गाडी सरळ जाते, पाय काढला की बहुतेक वेळा सावरते, मागचं घसरलं तर गाडी भोवरा होते आणि ते सावरणं तुमच्या माझ्यासारख्याचं काम नाही.

हे एवढं पोटतिडकीने लिहितोय कारण मी स्वतः हा गाढवपणा केलाय. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात जुन्या गाडीला दोन सेकंडहँड टायर टाकले होते, नक्षी भरपूर, तारीख कोण बघतो. मे महिन्यात नगरकडून येताना घोडेगावच्या पुढे मागचा डावा फुटला, आई आणि बायको गाडीत. कुणाला लागलं नाही, पण रिम गेला, टोइंगचे पैसे गेले, रस्त्याकडेच्या दुकानात तो सांगेल त्या भावात नवा टायर घ्यावा लागला. वाचवलेल्या पैशांच्या तिप्पट गेले त्या दुपारी. आई अजूनही त्या रस्त्याने जाताना हँडल धरून बसते.

आता तुमच्या केसमधली खरी गंमत, जी तीनही दुकानदारांनी सांगितली नाही कारण त्यांना तुमचं रनिंग विचारावंसंच वाटलं नाही. पावणेआठ वर्षांत ६३ हजार म्हणजे वर्षाला साधारण ८,१०० किलोमीटर. टायर मी पाच वर्षांच्या पुढे ताणत नाही, आपल्याकडच्या उन्हात तर नाहीच, फार तर सहा. पाच वर्षांत तुमची गाडी चालणार ४० हजार. मग जो टायर ७०-८० हजार चालतो म्हणून तुम्हाला विकला जातोय त्यातली अर्धी नक्षी तुम्ही वापरणारच नाही, ती तशीच भंगारात द्याल. टॅक्सीवाल्याने जास्त चालणारा टायर घ्यावा, त्याचं पोट त्यावर आहे. तुमचा टायर झिजण्याआधी म्हातारा होतो. तेव्हा पैसे आयुष्यावर घालवू नका, पकडीवर घाला. जास्त पकडणारं रबर जरा मऊ असतं, लवकर झिजतं, तर झिजू दे की, ४० हजारच काढायचेत.

म्हणून मी वहिनींच्या बाजूने निम्माच आहे. खर्च आवरायचा हे त्यांचं बरोबर, पण साधे आणि बरे यातला फरक किती आहे ते मांडून बघू.

तुमचं १०,४०० चं कोटेशन ऑगस्टचं आहे, तेव्हा गाडीच्या टायरवर २८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ झालाय. १०,४०० मधला मूळ भाव निघतो ८,१२५, त्यावर १८ टक्के धरले की ९,५८७ रुपये. चार टायरचे ४१,६०० होते ते ३८,३५० व्हायला पाहिजेत. सव्वातीन हजारांचा फरक आहे, दुकानदार जुन्याच भावाचा कागद पुढे करत असेल तर नवीन कोटेशन मागा, आणि पक्क्या बिलावरच घ्या, वॉरंटीचा क्लेम करायची वेळ आली की तारीख दाखवायला तेच लागतं. देशी टायरचे ६,४०० तुम्ही या आठवड्यात विचारलेत म्हणजे नव्या दरानेच असणार, चारचे २५,६००.

फरक उरला १२,७५०. पाच वर्षांवर पसरला तर महिन्याला २१२ रुपये, किलोमीटरला ३२ पैसे. तुमच्या टर्बोला शहरात १३ चं अॅव्हरेज धरलं तर नुसतं पेट्रोलच किलोमीटरला आठ रुपयांच्या घरात जातं. आठ रुपये जाळताना हू की चू करत नाही आणि ३२ पैशांवर घरात वाद, असं चाललंय तुमचं. नेहमी मी लोकांना स्वस्त घ्या म्हणून मागे लागतो, इथे नाही लागणार. १०५ पीएसची, १,५०० आरपीएमलाच १७५ न्यूटन मीटर टॉर्क देणारी गाडी आहे, सिग्नलला ओल्या रस्त्यावर जरा पाय जास्त पडला की पुढची चाकं फिरतात हे तुम्हीच लिहिलंय. आणि सगळा जोर, सगळा ब्रेक रस्त्यापर्यंत पोचतो तो तळहाताएवढ्या चार तुकड्यांतून.

त्यात तुमचा रस्ता समृद्धी. संभाजीनगरजवळ सावंगीला चढलात की नागपूरपर्यंत चार-साडेचारशे किलोमीटर सिमेंटचा सरळ रस्ता, १२० ची मर्यादा, आणि मे महिन्यात विदर्भातलं ऊन. वळण नाही, गाव नाही, टायरला थंड व्हायला उसंतच नाही. २०२३ मध्ये टायर फुटून अपघात व्हायला लागल्यावर आरटीओने एंट्रीलाच टायर तपासून घासलेल्या गाड्या माघारी पाठवायला सुरुवात केली ती उगाच नाही. म्हणून एक गोष्ट नीट बघून घ्या. तुमच्या जुन्या टायरवर १९५/५५ आर १६ (१९५ मिलिमीटर रुंदी, रबराची उंची त्याच्या ५५ टक्के, १६ इंची रिम) च्या पुढे ८७ व्ही लिहिलंय. ८७ म्हणजे एका टायरला ५४५ किलोपर्यंत भार, व्ही म्हणजे २४० किलोमीटर वेगापर्यंत चालेल असा. बलेनो, आय २० च्या वरच्या मॉडेलला पण हीच साइज बसते, त्यामुळे ती कुठेही मिळते, माल ताजा असतो, भावही तुटतो, हे चांगलंच. पण त्याच साइजमध्ये एच रेटिंगचा टायर पण येतो, २१० वाला, आणि दुकानदार म्हणेल काय फरक पडतो साहेब, तुम्ही कुठे २०० ने जाताय. जायचं नाहीच आहे. वरचं रेटिंग म्हणजे उष्णता जास्त सोसणारा टायर, आणि तुम्हाला तेच हवंय. कंपनीने व्ही दिलाय तर व्हीच घ्या.

आता १७ इंची. हे वाचताना तुमचा चेहरा मला दिसतोय, पण ऐका.

हौसेला माझा विरोध नाही. पोलो आपल्याकडे २०२२ मध्येच बंद झाली, तिच्यावर जीव असलेली माणसं मी बघितलीयत, रविवारी सकाळी पोरासारखी आंघोळ घालतात. पण हे १ लाख ८ हजार येणार कुठून ते बघा. नो कॉस्ट ईएमआय हे नाव फार गोड आहे. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना झापलं होतं की शून्य टक्के ईएमआयमध्ये व्याज असतंच, ते फक्त प्रोसेसिंग फी वगैरेमध्ये लपवलेलं असतं. आता करतात काय, तर व्याजाएवढी रक्कम आधी डिस्काउंट म्हणून दाखवतात आणि मग व्याज लावतात. तुमच्या क्रेडिट कार्डाचा दर १५ टक्के धरला तर १२ हप्त्यांत साधारण ८,३०० रुपये व्याज बसतं, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे दीड हजार, वर प्रोसेसिंग फी, हे खिशातून जाणारच. आणि ते ८,३०० चं डिस्काउंट खरं तर रोख देणाऱ्याने घासाघीस करून मिळवायची सूट असते. एखादा हप्ता चुकून कार्डाचं बिल थकलं तर वर्षाला ४० टक्क्यांच्या आसपासचं व्याज सुरू, मग टायर राहिले बाजूला.

त्याहून महाग आहे ती एसआयपी. महिना ९ हजार वर्षभर थांबवायचे म्हणजे हेच १ लाख ८ हजार. पंधरा वर्षांनी लेक बावीसच्या आसपास असेल, तोवर वर्षाला १० टक्के धरले (धरले म्हणतोय, गॅरंटी कुणीच देत नाही) तर ते साडेचार लाखांच्या आसपास जातात. तोपर्यंत त्या अलॉयचं काय झालेलं असेल? गाडी विकताना गिऱ्हाईक त्याचे पैसे देत नाही, उलट विचारतो ओरिजिनल कुठायत.

वापराच्या दृष्टीनेही बघा. आत्ता रिम आणि रस्ता यांच्यामध्ये १०७ मिलिमीटर रबर आहे, २०५/४५ आर १७ ला ते ९२ होतं. दीड सेंटीमीटर कमी. पैठण रोडवरच्या एखाद्या खड्ड्यात रात्री चाक आपटलं तर तोच दीड सेंटीमीटर रिम वाचवत असतो. आणि इन्शुरन्स: साध्या पॉलिसीत नुसता टायर फुटला तर काही मिळत नाही, गाडीला पण मार लागला तरच मिळतं आणि तेही टायरच्या किमतीच्या निम्मं. बाहेरून बसवलेले अलॉय तर पॉलिसीत लिहून घेतलेच नसतील तर क्लेमच्या वेळी सर्व्हेअर आधी तेच विचारणार.

मधला मार्ग म्हणून कुणी २०५/५५ आर १६ सुचवेल, आहे त्याच रिमवर. बसतो, बरेच जण टाकतात, पण चाक ११ मिलिमीटरने मोठं होतं, स्पीडोमीटर आधीपेक्षा थोडा कमी दाखवायला लागतो, पिकअप किंचित मंदावतो. जीटी घेतली कशासाठी मग? आहे ती साइज ठेवा.

तर माझं मत असं. बोनसमधून चारही टायर वरच्या ब्रँडचे, ओरिजिनल साइज, ३८,३५० च्या वर एक रुपया नाही. व्हॉल्व्ह, बॅलन्सिंग, अलाइनमेंट धरून आणखी दोन हजार. उरलेले साडेअकरा हजार अडीअडचणीच्या पैशांत टाका, कारण महिन्याचा खर्च हप्त्यासकट ६२ हजार आणि शिल्लक १ लाख ४० म्हणजे जेमतेम सव्वादोन महिने, हे मला टायरपेक्षा जास्त खुपतंय. शिवाय तुमचा डीएसजी (ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स आठ वर्षांचा होत आलाय, त्याचं मेकॅट्रॉनिक युनिट (गिअर बदलणारा कंट्रोलचा भाग) गेलं तर बिल लाखांच्या भाषेत येतं, तेव्हा गाडीसाठी वेगळी अडीच हजारांची आरडी आजच चालू करा. ते पैसे सध्या मोकळेच आहेत, महिन्याच्या शेवटी कुठे जातात ते तुमचं तुम्हालाच कळत नाही असं तुम्हीच लिहिलंय. एसआयपीला हात लावू नका. बोनस आला नसता तर मी वहिनींचं ऐका म्हटलं असतं, दोन भारी आणि दोन म्हाताऱ्यांपेक्षा चार साधे नवे केव्हाही बरे.

बसवायच्या आधी चारही टायरची तारीख स्वतः वाका आणि बघा, सहा महिन्यांच्या आतली मागा, आयएसआयची खूण बघा. नायट्रोजनला जास्त पैसे मोजू नका, साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. त्यापेक्षा दर पंधरा दिवसांनी सकाळी टायर थंड असताना हवा तपासा, आकडा गाडीवरच्या स्टिकरवर आहे. उन्हाळ्यात मुद्दाम हवा कमी करायची नाही, कमी हवेचा टायर जास्त वाकतो आणि जास्त तापतो.

आणि स्टेपनीचा फोटो नाही पाठवलात. ती पण २०१७ ची असणार. डिकी उघडून तारीख आणि साइज बघून कळवा, पुढच्यांपैकी एक तिथे बसत असेल तर तो एक्सचेंजमध्ये देऊ नका.