विचारा, सांगतो: तोंडाशी येतं आणि तिथेच अडतं

गेल्या काही महिन्यांत आलेली बरीच पत्रं एकाच गाठीशी अडलेली आहेत. येशूवर विश्वास आहे, चर्चमधली उपासना चुकत नाही, पण शेजाऱ्याशी किंवा ऑफिसात त्याबद्दल बोलायचं म्हटलं की शब्द फुटत नाही. त्यातली सहा पत्रं थोडी आखडून इथे घेतली आहेत.

सतरा वर्षं एका सहकारी बँकेत नोकरी करते. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला माझ्या घरचं इत्थंभूत माहीत आहे. येशूबद्दल मात्र मी तिच्याशी एक वाक्य बोललेले नाही. पाळकसाहेब म्हणतात, भीड सोडा. कशी सोडू?
*– एक भगिनी, श्रीरामपूर*

सोडू नका. आपल्या मराठी पवित्र शास्त्रात पेत्राचं पहिलं पत्र, ३:१५ काढा. आपल्या आशेविषयी विचारपूस करणाऱ्याला उत्तर द्यायला सिद्ध असा, पण ते ‘सौम्यतेने व भीडस्तपणाने’ द्या, असं तिथे आहे. येशूला पकडलं त्या रात्री ज्या पेत्राची अंगणात शेकोटीपाशी एका दासीच्या प्रश्नाने गाळण उडाली, त्याच्या नावचं हे पत्र. भीड म्हणजे समोरच्याच्या मनाची बूज, ती हवीच. घालवायची आहे ती भीती. दोन्ही आतून सारख्याच वाटतात, म्हणून गप्प बसल्यावर स्वतःला विचारायचं: आत्ता मी तिला सांभाळलं की स्वतःला?

त्याच वचनातला ‘विचारपूस करणाऱ्या’ हा शब्दही बघा. कोणी विचारायचं तर विचारण्याजोगं काही कानावर पडायला हवं. सोमवारी मैत्रीण म्हणते, “काल काय केलं?” आपण म्हणतो, “काही नाही, घरीच.” त्याऐवजी एवढंच: “सकाळी चर्चला गेले होते. तेरावं स्तोत्र वाचलं, देवालाच जाब विचारणारं. तेच डोक्यात घोळतंय.” दहा सेकंदांचं काम. मग थांबायचं. तिने “म्हणजे काय?” विचारलं तर पुढे बोला. “अच्छा” म्हणून ती कॉम्प्युटरकडे वळली, तर त्या दिवसाचं बोलणं झालं. ते वाया गेलं असं मानू नका.

बिघडतं ते सतरा वर्षांचं एका दुपारी ओतल्यावर. डबा खाता खाता आदाम-हव्वेपासून येशूच्या दुसऱ्या येण्यापर्यंत सगळं! मग ती पुढच्या वेळी जेवायला दुसऱ्या टेबलावर बसते. ‘सांगितलं नाही तर तिचा जाब मला द्यावा लागेल’ या धाकापोटी बोलणाऱ्यांचंही असंच होतं. त्यांचं लक्ष ऐकणाऱ्याकडे नसतं, स्वतःचं ओझं उतरवण्याकडे असतं, आणि समोरच्याला ते ताबडतोब कळतं. बायबलच्या यहेज्केल पुस्तकातल्या, इशारा दिला नाही तर जाब द्यावा लागणाऱ्या पहारेकऱ्याचा दाखला देऊन चर्चच्या मंडळीला घाबरवणाऱ्या वक्त्यांनी हे काम सोपं न करता अवघडच केलं आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्रेषितांची कृत्ये, आठवा अध्याय: छळ झाला, पांगापांग झाली, प्रेषित यरुशलेमेतच राहिले आणि पांगलेले लोक वचन सांगत फिरले. म्हणजे सांगणारे तुमच्यासारखे साधेच लोक होते. त्यांतल्या बहुतेकांची नावंसुद्धा तिथे नाहीत.

आमची ख्रिस्ती घराण्यातली चौथी पिढी. मी कधी दारूला शिवलो नाही, म्हणून सुटलीही नाही. आजारातून चमत्कार नाही, स्वप्न नाही. मी साक्ष काय द्यायची?
*– एक वाचक, अहिल्यानगर*

तुमच्यासारखेच मंडळीत जास्त असतात, आणि व्यासपीठावर मात्र दारू सुटलेलेच बोलावले जातात. साक्ष, म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगणं, हे त्यांचंच काम वाटतं, म्हणून हा प्रश्न पडतो.

गेल्या वर्ष-दीड वर्षातला एकच प्रसंग घ्या. वहीत पाच गोष्टी लिहा: काय घडलं, तेव्हा मनात काय चाललं होतं, अगदी वाईट असलं तरी, काय वाचलं किंवा प्रार्थनेत काय म्हटलं, त्यानंतर काय बदललं, आणि काय अजून तसंच आहे. पाचवी गोष्ट गाळू नका. सगळं सुरळीत झाल्याची गोष्ट ऐकणाऱ्याला खोटी वाटते, बहुधा ती असतेही.

तीन मिनिटांचं बोलणं म्हणजे साधारण साडेतीनशे शब्द, हाताने लिहिलं तर वहीची दोन-अडीच पानं. मोबाइलवर वेळ लावून मोठ्याने वाचा. मग तेच एका मिनिटात बसवा. आपण बोलतो ते बसस्टॉपवर, जिन्यात, लिफ्टमध्ये. तिथे तीन मिनिटं कोण देतं? एक मिनिटाचा नमुना असा:

“आईचं डायलिसिस चालू होतं. दर मंगळवारी, शुक्रवारी रिक्षात बसलं की मला तिचाच राग यायचा, आणि राग आल्याची लाज. तेव्हा बायबलमधली स्तोत्रं नीट वाचली. त्यात वैतागलेल्या माणसांच्याही प्रार्थना आहेत. मग मी देवाशी तसंच बोलायला लागलो, न सजवता. आईचा आजार होता तसाच आहे. पण मी तिच्यावर खेकसायचो, ते कमी झालंय. ते माझ्याच्याने झालं असं मला वाटत नाही.”

यात उपदेश नाही आणि ‘तुम्हीही या’ नाही. प्रश्न विचारायला मात्र जागा आहे. एक पथ्य: पूर्वायुष्य काळंकुट्ट रंगवू नका. ज्याने तुम्हाला वीस वर्षं पाहिलंय त्याला ठाऊक असतं की तुम्ही एवढे वाईट कधीच नव्हता. योहान ९ मधल्या, येशूने दृष्टी दिलेल्या आंधळ्याला पुढाऱ्यांनी पेचात धरलं तेव्हा त्याने सरळ सांगितलं की हा मनुष्य, म्हणजे येशू, पापी आहे की नाही ते मला माहीत नाही. आंधळा होतो, आता दिसतं, एवढं माहीत आहे. जे ठाऊक नाही ते ‘ठाऊक नाही’ म्हणणं साक्षीतच मोडतं.

मित्राला म्हटलं, “येशूने माझं तारण केलं.” तो म्हणाला, “किती टक्क्यांनी?” तो चेष्टा करत नव्हता, त्याला खरंच कळलं नाही. आता पुन्हा बोलायचा धीर होत नाही.
*– एक तरुण, पिंपरी*

मित्राची चूक नाही. बँकेच्या दारावर ‘सोने तारण कर्ज’ लिहिलेलं असतं. तारण म्हणजे गहाण, हेच बाहेरचं मराठी आहे. आपली चर्चमधली भाषा शंभर-दीडशे वर्षं घरच्या घरी मुरली आहे. तिच्यात गोडी आहे, आम्हालाही ती प्रिय आहे, पण दाराबाहेर ती वेगळीच ऐकू येते.

‘साक्ष’ म्हटलं की लोकांना कोर्ट आठवतं. ‘आमची मंडळी’ म्हणजे कित्येकांच्या घरी बायको. ‘वचन’ म्हणजे दिलेला शब्द. “आज वचन ऐकलं” हे वाक्य त्यांना अर्धवट वाटतं. ‘नवा जन्म’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोक्यात पुनर्जन्म येतो, आणि तुम्ही सांगताय त्याच्या नेमकं उलट पोचतं. सर्वांत घातक शब्द ‘पापी’. उपासनेत आपण सगळे मिळून तो स्वतःला लावतो. जिन्यात शेजाऱ्याला लावला की ती शिवी होते.

कागदाला मधोमध घडी घाला. डावीकडे रविवारी कानावर पडणारे असे वीस शब्द लिहा, उजवीकडे तेच आजी भाजीवाल्याशी बोलेल त्या मराठीत. तारण: ‘मी बुडत होतो, त्याने बाहेर काढलं’. पश्चात्ताप: ‘चुकलो हे कळलं आणि परत फिरलो’. कृपा तशीच ठेवा, तो शब्द सगळ्यांचा आहे. क्षमाही. उजवीकडे काही सुचलं नाही, तर तो शब्द आपल्यालाच पुरता कळलेला नाही. असे दोन-चार निघतातच. ते घेऊन पाळकांकडे जा.

फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्तपुराण लिहिलं ते दहा हजारांहून अधिक ओव्यांत. १६१६ साली ते गोव्यात रायतूरला छापलं गेलं. माणूस इंग्लंडचा, पण इथल्या लोकांच्या कानात ओवी आहे हे त्याने ओळखलं. कवी नारायण वामन टिळकांनी तीच वाट अभंगांत धरली, म्हणून त्यांची पदं आजही आपल्याकडे टाळांवर म्हटली जातात. तुमच्या मित्राच्या कानात काय आहे ते बघा. तो ईएमआयने गांजलेला असेल तर ‘तारण’ शब्दावरूनच बोलता येईल: गहाण पडलेलं सोडवून आणणं. त्याच्या प्रश्नाने दार उघडलं होतं, तुम्हीच लाजून परत आलात.

शेजारच्या काकू सरकारी रुग्णालयात आहेत. प्रार्थना करू का असं विचारावंसं वाटतं. कसं विचारू, काय म्हणू?
*– एक भगिनी, नाशिक*

आधी डबा न्या, किंवा त्यांच्या सुनेला दोन तास घरी पाठवून तुम्ही बसा. तो डबा प्रार्थनेला ‘नाही’ म्हटल्यावरही दुसऱ्या दिवशी गेला पाहिजे.

विचारायचं ते काकूंनाच, खालच्या आवाजात, आणि नकार सोपा करून: “काकू, मी घरी तुमच्यासाठी प्रार्थना करतेच. इथे एक मिनिट केली तर चालेल? नको असेल तर तसं सांगा, मला काही वाटणार नाही.” त्या ‘हो’ म्हणाल्या तरी हात धरण्याआधी पुन्हा विचारा, सलाइन कुठल्या हाताला आहे ते बघा. डोळे मिटायला सांगू नका. प्रार्थना अर्ध्या मिनिटाची, अशी:

“हे देवा, काकूंना रात्री झोप लागत नाही, ती दे. पायाचं दुखणं तुला माहीत आहे. डॉक्टरांच्या आणि सिस्टरांच्या हाताला यश दे. घरच्यांना बळ दे. येशूच्या नावाने मागते. आमेन.”

ज्या दुखण्याबद्दल त्या स्वतः बोलल्या त्याचंच नाव घ्या. ‘तुम्ही बऱ्या व्हालच’ असा शब्द देऊ नका. तो देणं आपल्या हातात नाही. औषध किंवा पथ्य बंद करा असं चुकूनही म्हणू नका. आवाज चढवला की शेजारच्या कॉटवरचे नातेवाईक वळून बघतात आणि काकू अवघडतात. ती अवघड जागा त्यांच्या कायम लक्षात राहते. निघताना पुस्तिका ठेवू नका. बऱ्या होऊन घरी आल्या आणि आपणहून विषय काढला, तर तेव्हा बघता येईल.

कोणाला वाचायला काय द्यावं? आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज वचन टाकलं तर चालेल का?
*– एक वाचक, ठाणे*

ग्रुपवर नको. तो पाण्याच्या टँकरसाठी आणि पार्किंगसाठी आहे. रोज तेच येतं ते न वाचता पुसलं जातं, आणि एखाद्या दिवशी त्यावरून वाद पेटतो.

द्यायचं ते एकाला, आणि त्याने काही विचारल्यावर. अख्खं बायबल जाड दिसतं. उत्पत्तीपासून सुरुवात केलेला माणूस लेवीयातल्या नियमांत अडकतो. मार्कचं शुभवर्तमान, म्हणजे त्याने सांगितलेली येशूची गोष्ट, द्या: सोळा अध्याय, मोठ्याने वाचलं तरी दीड-दोन तासांत संपतं. कवितेची आवड असेल तर स्तोत्रं, विचार करणारा असेल तर मत्तय ५ ते ७, म्हणजे येशूचं डोंगरावरील प्रवचन. टिळकांना नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने नवा करार दिला. ते वाचत गेले आणि डोंगरावरील प्रवचनापाशी खिळले. त्यांचा बाप्तिस्मा मुंबईत फेब्रुवारी १८९५ मध्ये झाला. तो प्रवासी पाठपुरावा करायला त्यांच्या घरी येऊन बसला नव्हता. पुस्तक दिल्यावर “वाचलं का?” विचारू नका, महिन्याभराने “कुठे अडलात का?” विचारा. लहान मुलांच्या हातात, त्यांच्या आईवडिलांना न विचारता, काहीही देऊ नका.

हे सगळं कायद्यात बसतं का?
*– एक वाचक, नागपूर*

संविधानाचं २५ वं कलम सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत प्रत्येकाला आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि प्रसार करण्याचा हक्क देतं. १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. म्हणजे आपलं सांगणं आपलं, ठरवणं त्याचं. येशूनेही संपत्ती सोडवेना म्हणून निघालेल्या श्रीमंत तरुणाला जाऊ दिलं, मागे धावला नाही.

राज्यांचे कायदे निरनिराळे आहेत आणि बदलतात. तुमच्या राज्यातला चालू मजकूर वकिलाकडून समजून घ्या. दोन गोष्टी कुठेही पाळा. रेशन, फी, नोकरी, औषध या मदतीला विश्वासाची अट किंवा आशा जोडू नका. त्याला प्रलोभन म्हणतात. आणि ‘ऐकलं नाहीस तर देव बघून घेईल’ अशी भाषा वापरू नका. ओडिशाच्या १९६७ च्या आणि मध्य प्रदेशच्या १९६८ च्या कायद्यांत दैवी कोपाची धमकी ही बळजबरीतच धरली होती. कायदा बाजूला ठेवला तरी ती भाषा भीडस्तपणाची नाही.

पाळकसाहेबांसाठी एक पुरवणी, कारण पत्रांत त्यांचाही उल्लेख आहे. ‘या आठवड्यात किती जणांना सांगितलं, हात वर करा’ हे बंद करा. जे लाजतात ते पुढच्या रविवारी मागच्या बाकावर जातात, आणि काही जण उगाच हात वर करतात. त्याऐवजी सहा रविवार, उपासनेनंतर चाळीस मिनिटं, दोघादोघांच्या जोड्या. पहिले दोन रविवार फक्त ऐकण्याचा सराव: एकाने चार मिनिटं आपल्या शेजाऱ्याविषयी बोलायचं, दुसऱ्याने मध्ये न तोडता प्रश्न विचारायचे. मग दोन रविवार एक मिनिटाचं बोलणं, मग शब्दांची घडी घातलेला कागद. नवरा-बायकोची जोडी करू नका, एकमेकांना दुरुस्त करत बसतात. आणि चहा शेवटी न ठेवता आधी द्या. कप हातात असला की माणसं उभ्याउभ्या, नेहमीच्या आवाजात बोलतात. खुर्च्या गोलात मांडल्या की सगळे पुन्हा व्यासपीठावरच्या मराठीत शिरतात.