फ्रेडी मर्क्युरी नक्की कुठला म्हणायचा, भारतीय की ब्रिटिश?

तुम्ही विचारलंय की कॉलेजच्या गॅदरिंगला क्वीन ह्या लंडनच्या रॉक बँडची गाणी बसवतोय, निवेदनात त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरीला भारतीय गायक म्हणायचं का ब्रिटिश, आणि ग्रुपमधला एकजण तर म्हणतोय तो टांझानियाचा. राष्ट्रीयत्व एवढंच विचारत असाल तर उत्तर सरळ आहे, ब्रिटिश. पण तेवढं म्हणून सोडून दिलं तर आपल्या सातारा जिल्ह्यात गेलेलं त्याचं शाळेतलं बरंचसं लहानपण निवेदनातनं गायब होतं, आणि नुसतं भारतीय म्हणलं तर खोटं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी टांझानियाचं. फ्रेडी म्हणजे फारुख बलसारा, जन्म 5 सप्टेंबर 1946, झांझिबार बेटावर. तेव्हा तिथं सुलतान होता आणि बेट इंग्रजांच्या संरक्षणाखाली होतं. टांझानिया हा देशच मुळात एप्रिल 1964 मध्ये झाला, टांगानिका आणि झांझिबार एकत्र येऊन. त्यामुळं 'टांझानियात जन्मलेला' हे आजच्या नकाशावर बोट ठेवून सांगायला ठीक आहे, पण तो टांझानियाचा नागरिक होता असा अर्थ त्यातनं काढू नका. झांझिबारमध्ये जन्मला असं म्हणा, विषय संपला.

मग भारतीय का म्हणतात? घर पारशी. आईवडील गुजरातकडचे, बलसारा हे आडनावच बुलसार म्हणजे आत्ताच्या वलसाडवरनं आलेलं. वडील झांझिबारला इंग्रज सरकारच्या नोकरीत कॅशियर होते. म्हणजे वंश भारतीय, समाज पारशी, ह्यात वाद नाही. पण पारशी हे काही राष्ट्रीयत्व नव्हे. आणि कुणी पुढं जाऊन त्याला इराणी म्हणायला लागलं तर पारशांचे पूर्वज इराणातनं गुजरातच्या किनाऱ्याला आले त्याला हजाराच्या वर वर्षं झालीत, तेवढं मागं जायला लागलो तर कुणाचाच पत्ता लागायचा नाही.

आता पाचगणी. वाईवरनं पसरणीचा घाट चढून वर गेलात की बोर्डिंग शाळाच शाळा, त्यातल्या सेंट पीटर्समध्ये 1955 च्या सुमारास ह्या पोराला घातलं, वय आठ. आईबाप हजारो किलोमीटर लांब आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आणि हा इथं टेबललँडच्या वाऱ्यात. फारुखचा फ्रेडी झाला तो ह्याच शाळेत. पियानोचं रीतसर शिक्षण इथंच चाललं, बॉक्सिंग खेळायचा, टेबल टेनिस खेळायचा, आणि बारा वर्षांचा असताना पाच पोरांनी मिळून शाळेतच बँड काढला, नाव हेक्टिक्स. ही पोरं क्लिफ रिचर्ड आणि अमेरिकेचा गायक लिटल रिचर्ड ह्यांची गाणी वाजवायची. क्लिफ रिचर्ड कोण माहितीय का, इंग्लंडचा नावाजलेला गायक, 1940 साली लखनौला जन्मलेला, भारत स्वतंत्र झाल्यावर घरच्यांबरोबर इंग्लंडला गेलेला! त्याला आपल्याकडं कुणी भारतीय गायक म्हणत नाही, जन्म भारतातला असून. फ्रेडीचा जन्म भारतातला नाही तरी त्याला ओढून घ्यायला बघतात. म्हणजे नुसत्या जन्मगावावरनं किंवा नुसत्या वंशावरनं हे ठरत नाही, हे ह्या दोघांना शेजारी उभं केलं की लगेच दिसतं.

मला ह्या गोष्टीचं एवढं का वाटतं ते पण सांगते. मी विट्याची, आमच्या खानापूर आटपाडी भागातली निम्मी घरं गलाईच्या धंद्यात, सोनं चांदी गाळायला माणसं पार तमिळनाडू, केरळपर्यंत गेलेली. आमच्या भावकीतली पोरं तिकडंच जन्मली, शाळेत तमिळ बोलतात, जत्रेला गावी आली की त्यांना हमखास कुणीतरी विचारतं, तू नक्की कुठला रे, आणि ती पोरं गप्प होतात कारण एका शब्दात उत्तर नसतंच त्यांच्याकडं. त्यांचा पासपोर्टचा प्रश्न येत नाही, देश एकच आहे. पण एक नाव पुढं केलं की दुसरं खोडल्यासारखं होतं, ते फ्रेडीच्या बाबतीत पण होतंय आणि मला ते नको वाटतं.

तर ब्रिटिश कसा झाला. डिसेंबर 1963 ला झांझिबार स्वतंत्र झालं आणि महिनाभरात, जानेवारी 1964 ला तिथं क्रांती झाली, हजारो अरब आणि भारतीय मारले गेले. बलसारा कुटुंब जीव वाचवून इंग्लंडला आलं, लंडनच्या कडेला फेल्टममध्ये राहिलं. फ्रेडी सतरा वर्षांचा. त्यानं ईलिंगच्या आर्ट कॉलेजात ग्राफिक डिझाइन केलं, केन्सिंग्टन मार्केटमध्ये जुन्या कपड्यांचा स्टॉल चालवला, 1970 ला क्वीन सुरू झालं, त्याच सुमाराला आडनाव बदलून मर्क्युरी घेतलं. कायद्याचं बघायला गेलं तर जन्मानं तो इंग्रजांच्या संरक्षणाखालचा माणूस (ब्रिटिश प्रोटेक्टेड पर्सन) होता आणि 1969 मध्ये युनायटेड किंगडमचा नागरिक म्हणून त्याची नोंद झाली. म्हणजे बँड निघायच्या आधीच. जे गाणं जगानं ऐकलं ते सगळं ब्रिटिश नागरिक असताना, बहुतेक लंडनच्या बँडबरोबर केलेलं. म्हणून राष्ट्रीयत्वाच्या जागी ब्रिटिश.

मी स्वतः निवेदन लिहिताना एवढंच बघते की ज्या काळाबद्दल आपण बोलतोय तेव्हा माणूस कुठल्या देशाचा नागरिक होता. बाकी जन्म, वंश, वाढलेला कुठं, हे सगळं 'आहे' 'होता' मध्ये न कोंबता क्रियापदानं सांगायचं, जन्मला, शिकला, गेला, राहिला. गायक अदनान सामीचं बघा, जन्म लंडनचा, वडील पाकिस्तानी, पासपोर्ट पाकिस्तानचा, आणि 1 जानेवारी 2016 पासून भारताचा नागरिक. 2020 ची पद्मश्री मिळाली ती भारतीय नागरिक म्हणून, पण त्याचं 2000 सालचं गाणं लावताना 'तेव्हा पाकिस्तानी नागरिक असलेला' म्हणावं लागेल. गायिकांमध्ये टीना टर्नर अमेरिकेची, 2013 ला स्विस झाली आणि अमेरिकेचं नागरिकत्व सोडलं. रिहाना अमेरिकेत नाव काढून पण बार्बाडोसचीच, 2021 ला त्या देशानं तिला राष्ट्रीय नायिका जाहीर केलं. दुआ लिपा लंडनला जन्मलेली, घर कोसोवोच्या अल्बेनियन लोकांचं, 2022 ला अल्बानियानं नागरिकत्व दिलं, ब्रिटिशपण गेलं नाही. हे दोन देशांचं एकदम असणं आपल्याला पटकन डोक्यात येत नाही कारण भारताचा कायदा दुहेरी नागरिकत्व देत नाही, परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते ओसीआय कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे.

आणि नागरिकत्वानं माणसाचं संगीत कुठलं ते पण ठरत नाही. आपल्या मिरजेतच बघा, शास्त्रीय गायक अब्दुल करीम खाँसाहेब उत्तरेतल्या किराणा गावचे, शेवटची कितीतरी वर्षं मिरजेत राहिले, त्यांच्या गायकीच्या घराण्याचं नाव किराणाच राहिलं आणि मिरजकरांनी त्यांना आपलं मानणं पण सोडलं नाही.

तुमच्या निवेदनासाठी मी असं लिहीन, हवं तर जसंच्या तसं घ्या: "ब्रिटिश गायक फ्रेडी मर्क्युरी, मूळ नाव फारुख बलसारा. गुजरातकडच्या पारशी कुटुंबातला हा मुलगा झांझिबारमध्ये जन्मला, आपल्या पाचगणीत शिकला, तिथंच त्यानं पहिला बँड काढला, आणि सतराव्या वर्षी क्रांतीमुळं घर सोडून इंग्लंडला गेला." वीसेक सेकंदात होतं वाचून. स्टेजवर वेळ कमी पडला तर बलसारा, गुजरात हे काढा, पण पाचगणी काढू नका, समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांनी तो घाट चढलेला असेल. आणि पोस्टरवर नावाखाली एकच शब्द बसत असेल तर ब्रिटिश लिहा, झेंडा वगैरे लावू नका.