ट्रकमध्ये गांजा सापडला म्हणून ड्रायव्हर भावाला 10 वर्षांची शिक्षा झाली आहे. अपिलात काही होईल का?

होऊ शकतं, पण आधी मुदत बघा. तुमच्या प्रश्नावरून एवढं कळतं: सोलापूरच्या विशेष न्यायालयाचा निकाल, मिरचीच्या पोत्यांखाली 62 किलो गांजा, भाऊ ड्रायव्हर, ट्रकमालक वेगळाच. अपील उच्च न्यायालयात निकालापासून 60 दिवसांत करायचं असतं. निकालाची नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वजा होतात. आरोपीला नक्कल फुकट मिळते. सोलापूरची अपिलं 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात. वकिलाला पैसे नसतील तर भावाने जेल अधीक्षकांमार्फत अपील पाठवावं. कोठडीतल्या माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही.

'घरात कमावता एकटाच आहे, शिक्षा कमी करा' या विनंतीवर वेळ घालवू नका. अमली पदार्थविरोधी कायद्यात (एनडीपीएस) गांजा 20 किलोच्या वर गेला की व्यापारी प्रमाण ठरतं आणि किमान शिक्षाच 10 वर्षं व 1 लाख रुपये दंड. त्याखाली कोर्टाला जाता येत नाही. भांडायचं ते निर्दोष सुटण्यासाठीच.

बऱ्याच अपिलांत पहिला मुद्दा याच कायद्याच्या कलम 50 चा असतो: झडतीआधी राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती घेण्याचा हक्क सांगितला नाही, असा. पण ते कलम अंगझडतीपुरतं आहे, ट्रकमधल्या पोत्यांना लागत नाही. हा मुद्दा पुढे केला की न्यायाधीशांचं लक्ष तिथेच उडतं.

खरा मुद्दा ताब्याचा आणि माहिती असण्याचा. 'अवतार सिंग' (2002) प्रकरणात ट्रकमध्ये अफूच्या बोंडांच्या पोत्यांवर बसलेल्यांना सर्वोच्च न्यायालयाने सोडलं, कारण माल त्यांच्या ताब्यात होता हे सिद्ध झालं नव्हतं आणि तो प्रश्न त्यांना जबाबातही विचारला नव्हता. ड्रायव्हरचं प्रकरण मात्र जास्त अवघड. गाडी त्याच्या हातात असते, आणि ताबा सिद्ध झाला की कलम 35 आणि 54 मुळे माहिती नव्हती हे दाखवण्याचं ओझं त्याच्यावर येतं. म्हणून बघा: बिल्टी (मालवाहतुकीची पावती) कोणाच्या नावाने होती? माल भरताना तो हजर होता का? फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 313 खाली कोर्टाने घेतलेल्या जबाबात (नव्या संहितेत 351) त्याने काय सांगितलं? सगळ्याच प्रश्नांना 'खोटं आहे' एवढंच उत्तर दिलं असेल, तर अपिलात नवी हकिकत उभी करणं जड जातं.

मग पंचनामा आणि मुद्देमाल. वजन पोत्यासकट की पोतं वजा करून? गांजा म्हणजे कायद्याने झाडाचे फुलं-फळं आलेले शेंडे. शेंड्यांशिवायची सुटी पानं आणि बिया त्यात येत नाहीत. पंचनाम्यात 'पाला, काड्या, बिया' असं लिहून सगळं एकत्र तोललं असेल तर प्रश्न विचारायला जागा आहे. लाखेच्या सीलचा नमुना सीए रिपोर्टमधल्या (रासायनिक तपासणीच्या अहवालातल्या) सीलशी जुळतो का, माल मालखान्यात कधी जमा झाला, नमुने लॅबला किती दिवसांनी गेले, या तारखा एका कागदावर उतरवून काढा. मॅजिस्ट्रेटसमोर नमुने काढले नाहीत (कलम 52अ) एवढ्यावरच सुटका होईल असं समजू नका. 'भरत आंबाळे' (2025) निकालानंतर ती त्रुटी एकटी पुरत नाही, बाकी पुराव्याबद्दलचा संशय तिच्या जोडीला लागतो.

बातमी मिळून गाडी अडवली होती की नाकाबंदीत सहज सापडली? बातमी असेल तर ती लिहून घेऊन 72 तासांत वरिष्ठांना पाठवली का ते तपासा. बातमी लिहून घेण्याची ही अट असलेलं कलम 42 लागतं की सार्वजनिक जागेतल्या झडतीचं 43, यावर पुढचा युक्तिवाद ठरतो.

अपील चालेपर्यंत जामिनासाठी शिक्षा स्थगितीचा अर्ज वेगळा करावा लागतो. कलम 37 मुळे तो मिळणं कठीण आहे: भाऊ दोषी नाही असं मानायला सबळ कारण आहे, असं कोर्टाला वाटलं पाहिजे. बरीच शिक्षा भोगून झाली असेल आणि अपील लवकर लागण्याची चिन्हं नसतील तर अर्जाला बळ येतं.

वकिलाकडे जाताना निकालपत्र, पंचनामा, मुद्देमाल रजिस्टरचा उतारा, सीए रिपोर्ट आणि भावाचा जबाब यांच्या प्रती सोबत न्या. त्या नसतील तर पहिली भेट वायाच जाते.