क्लासची फी भरून झाल्यावर विचारताय?

नमस्कार.

लातूरहून तुमचं पत्र मिळालं. मुलगी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, विषय वनस्पतिशास्त्र. मे महिन्यात आत्याकडे जोधपूरला जाऊन आली आणि वाळवंटातल्या झाडांच्या फुला-फळांवरच काम करायचं म्हणते. तुम्ही तिला न विचारता बँकेच्या परीक्षेच्या क्लासची फी भरलीत. आता मी तिची समजूत काढावी, अशी तुमची इच्छा.

ती मी काढणार नाही. पत्रात तिचे मार्क आहेत, लग्नाचं वय आहे, ‘लोक काय म्हणतील’ हे दोनदा आहे. तिला तिथे काय दिसलं, याची एकच ओळ, तीही तक्रारीची: ‘एकाच बांधावरच्या दोन खेजड्या (म्हणजे आपली शमी), एकीला सांगऱ्या (तिच्या शेंगा) लगडलेल्या, दुसरीला एकही नाही, एवढ्यावरून आठवडाभर डोकं खाल्लं.’ साहेब, अहो, हा संशोधकाचा प्रश्न आहे! घरात कुणी तो नीट ऐकून घेतला का?

‘वाळवंटात पाऊस पडला की फुलतं, त्यात शिकायचं काय?’ असंही तुम्ही लिहिता. हे चूक आहे. पावसाबरोबर उगवून फुलतात ती हंगामी रोपं. खेजडी मात्र थंडी सरताना नव्या पालवीबरोबर मोहरते आणि भर उन्हाळ्यात शेंगा धरते, कारण तिची मुळं फार खोलवर ओल शोधतात. पण मोहर आला म्हणून फळ धरेलच असं नाही. कधी अतिसूक्ष्म कोळ्यांमुळे मोहराच्या जागी नुसत्या गाठी येतात. आणि हिवाळ्यात जनावरांच्या पाल्यासाठी फांद्या छाटल्या, तर त्या वर्षी सांगरी जवळजवळ मिळतच नाही. शेळ्यांना पाला हवा की विकायला सांगरी, हे तिथला शेतकरी झाडागणिक ठरवतो. तिच्या फोटोंत त्या रिकाम्या झाडावर छाटणीचे घाव दिसतात का, ते तिच्याबरोबर बसून बघा.

वाट सरळ आहे: एमएस्सी, नेट, पीएचडी. जोधपूरलाच १९५९पासून केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्था आहे, लोक तिला काझरी म्हणतात. जागा थोड्या असतात, वर्षं बरीच जातात. हे तिला स्पष्ट सांगा, पण माहिती म्हणून, धाक म्हणून नको.

क्लासवाल्यांकडे फी परत मागा. आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या.