साखरपुड्याला चार महिने आहेत, हेअर ट्रान्सप्लान्ट आत्ता केलं तर तोवर केस येतील का?

नाही येणार. उलट फोटोत आत्तापेक्षा विरळ दिसू शकता.

लावलेले केस दोन ते सहा आठवड्यांत बहुतेक गळून जातात. मुळं आत जिवंत असतात, पण हे आधी माहीत नसलं की माणूस उशीवरचे केस बघून हादरतो. साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात लव फुटते, सहाव्यात थोडा भरणा दिसतो आणि खरा निकाल वर्षभराने.

ऑपरेशन डोकं बधिर करून होतं. सगळ्यात जास्त दुखतं ते बधिर करायचं इंजेक्शन. नंतर सहा-आठ तास नुसतं पडून राहायचं. मागच्या बाजूची मुळं एकेक करून काढतात आणि पुढे रोवतात. दोन-तीन दिवसांनी सूज कपाळावरून डोळ्यांपर्यंत उतरू शकते. बारीक खपल्या आठ-दहा दिवसांत पडतात, त्या नखाने खरवडू नका.

एक गोष्ट मात्र विक्रीवाले सांगत नाहीत. नवे केस टिकतात, पण त्यांच्या आजूबाजूचे जुने गळतच राहतात. म्हणून मिनॉक्सिडिल किंवा फिनास्टेराइड ही केसगळती आटोक्यात ठेवणारी औषधं डॉक्टर पुढेही चालू ठेवायला सांगतात. पंचविशीच्या आत घाई केलीत तर पुढे केसांचं बेट उरतं आणि मागे टक्कल सरकत जातं. मागचा साठाही मर्यादित, एकदा काढलेलं मूळ तिथे परत उगवत नाही.

‘ऑपरेशन स्वतः कोण करणार?’ हे आधी विचारा. त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन हवा, टेक्निशियन नव्हे. साखरपुड्यापुरता चांगला हेअरकट पुरे.