हेडस्टॉकवरचं नाव सगळ्यात शेवटी वाच

बेटा,

तू घ्यायला निघालेल्या जुन्या बेस गिटारचे फोटो सगळे पाहिले, मोठे करकरून पाहिले. विकणारे एक लाख चाळीस हजार म्हणताहेत आणि 'पंचाहत्तरचा ओरिजिनल फेंडर जॅझ' म्हणताहेत, म्हणजे फेंडर कंपनीचा १९७५चा 'जॅझ' मॉडेलचा बेस. पंचाहत्तरचा जॅझ म्हणून तो घेऊ नकोस. वाजवायचा बेस म्हणून कदाचित घेता येईल, पण मग भाव वेगळा. व्हॉट्सअ‍ॅपवर तुकड्या-तुकड्यांत सांगितलं असतं तर तुझा गोंधळच झाला असता, म्हणून बसून लिहितोय.

हेडस्टॉकचा, म्हणजे दांडीच्या वरच्या खुंट्यांच्या टोकाचा, फोटो पुन्हा उघड. नावाजवळ नंबर आहे, 'एस ८'पासून सुरू होणारा. फेंडरचे नंबर आधी मागच्या बाजूला असायचे, नेक, म्हणजे दांडी, जिथे बॉडीला बसते तिथल्या धातूच्या प्लेटवर. १९७६मध्ये ते हेडस्टॉकवर आले. 'एस' म्हणजे सत्तरचं दशक आणि ८ म्हणजे अठ्ठ्याहत्तर. वर्षभर इकडेतिकडे धरलं तरी पंचाहत्तर काही होत नाही. आता मागचा फोटो बघ. प्लेटला चार स्क्रू आहेत. जॅझ बेसला १९७५च्या सुमारास तीन बोल्टांची प्लेट आली आणि ती पुढच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत टिकली. (प्रिसिजन, म्हणजे फेंडरच्याच दुसऱ्या मॉडेलच्या, बेसला त्या काळातही चारच होते, तेव्हा हा नियम सरसकट लावू नकोस.) अठ्ठ्याहत्तरचा नंबर आणि जॅझला चार स्क्रू, हे जमत नाही. एक तर नेक एकाची आणि बॉडी दुसऱ्याची, नाही तर तो नंबर म्हणजे नुसता स्टिकर.

ते लोक फसवताहेत असं मी म्हणत नाही. वडील ऑर्केस्ट्रात वाजवायचे, बेस त्यांचा, मुलाला जेवढं ठाऊक तेवढं तो सांगतोय. त्या काळी परदेशी वाद्य आपल्याकडे सरळ दुकानातून कुठे येत होतं? कोणीतरी जहाजावरून आणायचं, कोणी आखातातून, आणि मग ते चार हातांतून फिरत फिरत नागपूरला पोचायचं. मध्ये नेक तुटली की मिळेल ती लावायची आणि रात्रीचा कार्यक्रम करायचा. असे जोडाजोडीचे बेस मी भरपूर पाहिलेत. त्यातले काही फार सुरेख वाजतात.

खात्री करायची तर नेक काढावी लागेल. तारा सैल कर, मागचे स्क्रू काढ, नेक अलगद उचल. नेकच्या खालच्या टोकाला, जो भाग बॉडीत लपलेला असतो तिथे, बहुतेक जुन्या फेंडरवर तारीख सापडते: पन्नाशीच्या दशकात पेन्सिलने लिहिलेली, १९६२पासून रबरी शिक्क्याची. साठच्या दशकातल्या शिक्क्यात तारखेच्या शेवटी एक अक्षरही असतं, ते नटची, म्हणजे हेडस्टॉकपाशी तारा टेकतात त्या पट्टीची, रुंदी सांगतं. 'ए' म्हणजे दीड इंच, जॅझची नेहमीची बारीक नेक. तिथेच स्क्रूची भोकं मोज. तिनाची बुजवून चार पाडली असतील तर लगेच कळतं. परत बसवताना स्क्रू आधी उलटा फिरव. जुन्या आट्यात पडल्याचं 'टक्' असं बोटाला जाणवलं की मगच आवळ, नाही तर जुन्या लाकडात नव्या आट्या पडतात आणि पकड जाते.

दुसरा पुरावा पॉटच्या, म्हणजे व्हॉल्यूम-टोनच्या नॉबखालच्या भागाच्या, पाठीवर. कंट्रोल प्लेट उचल, टॉर्च मार. सात आकडी कोड असेल. पहिले तीन आकडे कारखान्याचे: १३७ म्हणजे सीटीएस, ३०४ म्हणजे स्टॅकपोल. पुढचे दोन वर्षाचे, शेवटचे दोन आठवड्याचे. १३७७५२२ म्हणजे सीटीएसने १९७५च्या बाविसाव्या आठवड्यात बनवलेला पॉट. यावरून एवढंच सिद्ध होतं की बेस त्याच्या आधीचा नाही. नंतरचा असू शकतो, कारण फेंडरने १९६६मध्ये पॉटचा मोठा साठा घेतला होता आणि तो पुढे काही वर्षं वापरला. शिवाय पॉट बदलता येतात. सोल्डर बघ. जुनं सोल्डर मळकट, निस्तेज दिसतं. चकचकीत ठिपका दिसला की तिथे कोणाचा तरी हात लागलाय.

हे सगळं करू द्यायला समोरचा नाही म्हणाला तर? पंधरा हजाराच्या स्क्वायरसाठी (फेंडरचाच स्वस्तातला ब्रँड) मीही म्हणणार नाही की नेक काढून दाखव. पण लाखाची गोष्ट असेल आणि पेचकस लावू देत नसतील, तर चहा पिऊन उठ.

वर्षांचा एवढा बाऊ का, हे तुला कळायला हवं, कारण सगळा भाव त्यावर चढतो. प्रिसिजन १९५१चा, जॅझ १९६०चा. १९६५च्या सुरुवातीला लिओ फेंडरने कंपनी सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीला विकली आणि संग्राहकांनी तिथे रेघ मारली. रेघेआधीचं सोनं, नंतरचं बघू. साठच्या दशकाच्या सुरुवातीचा, सगळे भाग मूळचे असलेला जॅझ आज अमेरिकेत दहा हजार डॉलरच्या पुढे जातो. सत्तरच्या दशकाच्या मध्याचा, चांगल्या अवस्थेतला, साधारण तीन ते पाच हजारांत. माझं मत विचारशील तर ही रेघ जरा जास्तच जाड काढली गेलीय. १९६५चा जानेवारी महिना उजाडला म्हणून कारागिरांचे हात रातोरात बदलले नाहीत. पुढे सत्तरच्या दशकात काम सैल झालं, नेक बॉडीत डुगडुगायला लागल्या, बॉडी जड झाल्या, हे मात्र खरं. पाच किलोचा, सत्तरच्या दशकातला अ‍ॅश लाकडाच्या बॉडीचा बेस खांद्याला लावून गणपतीत रात्रभर उभी राहा, मग व्हिंटेजची हौस किती उरते ते मला सांग. जाताना सामान तोलायचा तो छोटा हूकचा काटा घेऊन जा. सव्वाचारच्या वर गेला तर तुझ्यासाठी मी नाहीच म्हणेन.

भाव ठरवताना लोकांनी मागितलेली किंमत बघू नकोस, सौदा झालेली बघ. ऑनलाइन कोणीही काहीही मागतो. आणि मूळ रंग काढून नव्याने रंगवलेला बेस असेल तर जाणकार भाव साधारण निम्मा धरतात. इथे एक गंमत आहे. फेंडरने साठच्या दशकाच्या शेवटी जुनं नायट्रो लॅकर (पातळ वार्निश) सोडून जाड पॉलिस्टरचा थर धरला. त्यामुळे पंचाहत्तरच्या म्हणवणाऱ्या बॉडीवर बारीक तडे गेलेलं पातळ लॅकर दिसलं तर कौतुक करायच्या ऐवजी संशय घ्यायचा. नोटा तपासायचा निळा दिवा असतो ना, तो अंधारात धरला की जुनं नायट्रो पिवळट-हिरवट चमकतं. फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) बदललेले असले तर मी फार भाव पाडत नाही. वाजवलेल्या वाद्याचे फ्रेट झिजणारच. आणि पिकअपवरची (तारांचा आवाज पकडणारा भाग), ब्रिजवरची (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) ती क्रोमची झाकणं? वाजवताना हाताला लागतात म्हणून बहुतेक वादक काढून ठेवत. घरात एखाद्या डब्यात पडलेली असतील. आवर्जून विचार. जुने नॉब, जुनी केस, वडिलांचा स्टेजवरचा फोटो, तेही विचार. १४ एप्रिलच्या भीमगीतांच्या कार्यक्रमातला किंवा गणपतीतल्या ऑर्केस्ट्रातला फोटो असेल आणि त्यात हाच बेस, हाच ओरखडा दिसत असेल, तर कोणत्याही सर्टिफिकेटपेक्षा मी त्याला जास्त मानतो.

आता नेकविषयी. माझ्या लेखी इथे सगळं ठरतं, वर्ष-बिर्ष नंतर.

नागपूरसारखी नेकची परीक्षा घेणारं गाव विरळाच. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, हवा कोरडी ठणठणीत. लाकूड आक्रसतं, फ्रेटची धातूची टोकं कडेने बाहेर येतात आणि हात फिरवला की करवतीसारखी टोचतात. मुंबईहून, गोव्याहून आलेल्या वाद्यांचं हे पहिल्याच उन्हाळ्यात होतं. मग आपण काय करतो? त्याच खोलीत कूलर लावतो. दिवसभर ओली हवा, रात्री बंद, सकाळी पुन्हा ओली. नेक बिचारी कधी इकडे कधी तिकडे. पुन्हा जूनमध्ये पाऊस. म्हणून मी सांगतो, जुना बेस बघायचा तर एप्रिल-मेमध्येच बघ. जो काही खोटेपणा आहे तो तेव्हा बाहेर येतो. डिसेंबरात सगळ्याच नेक सरळ वाटतात.

बघायची कशी: ई तार पहिल्या फ्रेटवर आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाब, आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली किती फट राहते ते बघ. व्हिजिटिंग कार्ड सरकेल एवढी असेल तर छान. फटच नसेल तर नेक मागे वाकलीय. दोन कार्डं सहज जात असतील तर पुढे. दोन्ही दोष ट्रस रॉडने, म्हणजे नेकच्या आतल्या वाक सुधारणाऱ्या सळईने, निघतात, पण रॉड जिवंत हवा. त्यांच्या परवानगीने पाव फेरा फिरवून बघ. आधीच शेवटपर्यंत आवळलेला किंवा जाम झालेला रॉड म्हणजे वाद्य पुढच्या उन्हाळ्यात सावरता येणार नाही. मग बॉडीच्या टोकाकडून डोळा लावून नेकच्या दोन्ही कडा बघ. एक कड वर आणि एक खाली जात असेल तर नेकला पीळ आहे. बेस तिथेच ठेवायचा, भाव कितीही उतरवू देत. आणखी एक दोष असतो जो रॉडने जात नाही: नेक बॉडीत शिरते तिथे शेवटचे फ्रेट उंचावलेले. तो निघतो, पण फ्रेट घासून, म्हणजे खर्च.

जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या दरम्यान एखादा सूर लवकर मरतो, त्याने घाबरू नकोस. फेंडर धाटणीच्या चांगल्या-चांगल्या बेसमध्ये तो असतो.

बाकी वायरिंगचं फारसं मनावर घेऊ नये, ते दोनशे रुपयांच्या पॉटने आणि जॅकने सुधारतं. पिकअप मात्र मल्टिमीटरने मोज. केबल लाव, एकाच पिकअपचा व्हॉल्यूम पूर्ण उघड, केबलच्या दुसऱ्या टोकाला मीटर धर. जॅझचा पिकअप सात-आठ किलोओमच्या आसपास दाखवतो, प्रिसिजनचा त्याहून जास्त. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटलेली असू शकते.

तू दुसऱ्या एका बेसचीही लिंक पाठवलीस, 'रिकनबॅकर ४००३, फक्त ४५ हजार'. ती उघडलीसुद्धा नसती तरी चाललं असतं. रिकनबॅकर कॅलिफोर्नियातच बनतो, स्वस्त देशात त्याची शाखा नाही, आणि ४००३ची नेक बॉडीच्या आरपार गेलेली असते. फोटोत ती बोल्टने जोडलेली दिसतेय. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

माझ्या मनात तुझ्यासाठी काय आहे ते सांगतो. जपानी बनावटीचं काही मिळतं का बघ. १९८२मध्ये फेंडर जपान सुरू झालं, फुजिगेनच्या कारखान्यात. त्या पहिल्या काळातले 'जेव्ही' नंबरवाले बेस, मग त्यावर फेंडर लिहिलेलं असो की स्क्वायर, आजही नाव राखून आहेत. ते आपल्याकडे क्वचित दिसतात. जुना यामाहा बीबी त्यापेक्षा सहज दिसतो. नावाची मिरवणूक नाही म्हणून स्वस्तात सुटतो, आणि वाजतो मात्र दणकून. आयबानेझची एसआर मालिका हलकी, नेक बारीक, तुझ्या हाताला बसेल. तिच्यात बॅटरी असते, म्हणून बॅटरीचा कप्पा उघडून हिरवट गंज चढलाय का बघ. कोलकात्यात बनलेले जुने देशी बेस शनिवारी नावाच्या बाजारापासून कोणाच्या तरी माळ्यापर्यंत कुठेही सापडतील. शिकायला, उघडायला, बिघडवायला घे. पण ट्रस रॉड आहे का आणि फिरतो का, ते आधी. चालू मॉडेलचा कुठलाही वापरलेला बेस नव्याच्या निम्म्या ते दोन तृतीयांश भावात मिळायला हवा. त्यातून तारांचे दोन-अडीच हजार आणि सेटअपचे (वाद्य जुळवून घेण्याचे) पैसे वजा कर, आणि मग बोल.

या 'पंचाहत्तर'बद्दल: नेक सरळ निघाली, पिकअप जिवंत असले आणि वजन झेपलं, तर जोडाजोडीचा बेस म्हणून पन्नास हजारांपासून सुरुवात कर, सत्तर हजारांच्या वर जाऊ नकोस. नेकवर खरंच अठ्ठ्याहत्तरची तारीख निघाली तर मला तिथूनच फोन कर, मग थोडं वर जाता येईल. घासाघीस जपून. वडिलांचं वाद्य आहे, 'हे खोटं आहे' असं त्या घरात म्हणायचं नाही. 'नेक आणि बॉडी वेगवेगळ्या काळातल्या दिसतात' एवढं पुरे, तेही सापडलेल्या खुणा दाखवून. सौदा झाला तर साध्या कागदावर लिहून घे: नंबर, तारीख, रक्कम, दोघांच्या सह्या. पैसे खात्यावर टाक.

आणि न्यायला स्कूटी नको, रिक्षा कर. सकाळी दहाच्या आत जा. बंद गाडीत उन्हात तासभर राहिलेला बेस मी दुरुस्त करणार नाही, आधीच सांगतो. शनिवारी जाणार असशील तर शुक्रवारी मल्टिमीटर आणि निळा दिवा घेऊन जा माझ्याकडून.

काका